लेस्टरचं शेवटचं कडवं

वॉलनट फोर्ड, नेब्रास्का
१६ जुलै १९७४

चि. ऑरिन यास एल्मिराताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला कोबीची पानं बांधत जा, हसू नकोस. माझा डावा हात हिवाळ्यापासून रुसलाय तो रुसलेलाच, आणि पाय अंगणापलीकडे नेत नाहीत. उजव्या हाताने लिहिता येतं, तोंडाने कोंबड्यांना शिव्या देता येतात, म्हणजे बरंच चाललंय म्हणायचं.

लिहायला बसले ती मात्र संतापाने. काल कुंपणापलीकडे शेजारच्या मार्व्हाच्या रेडिओवर आपल्या लेस्टरचं गाणं लागलं. मालगाडीच्या टपावर बसून गव्हाच्या कापणीला निघालेल्या पोरांचं, माझ्या धाकट्या भावाने स्वतः रचलेलं. चार गुळगुळीत आवाजाची पोरं ते बिस्किटाची जाहिरात म्हणावी तसं म्हणत होती, आणि शेवटी शिट्ट्या! मार्व्हा म्हणाली, अगबाई, किती गोड. तो गेल्यावर तुम्ही सोबत्यांनी जोडलेलं कडवं तर साफ गायब.

कॉल्टनला हल्ली तुम्हा मालगाडीवरून कामासाठी भटकणाऱ्या होबोंच्या नावाने जत्रा भरते, तिथे तुला गायला बोलावलंय, असं लिहिलंस. ज्या रेल्वेच्या यार्डात रखवालदाराने त्याला चालत्या गाडीच्या शिडीवरून काठीने खाली पाडलं, तेच हे कॉल्टन ना? मग जा, आणि ते कडवं त्या गावाच्या तोंडावर म्हण. एकेचाळीस वर्षांत त्या गावाने ते ऐकलेलं नाही. मीही ऐकलेलं नाही, पण माझं राहू दे.

जपून राहा. रागावले तरी लोभ तोच आहे.
तुझी,
एल्मिराताई


सू सिटी, आयोवा
२५ जुलै

ती. ताईस ऑरिनचा सा. न. वि. वि.

पानं बांधली. घरमालकीण विचारते, खोलीत रस्सा शिजवता की काय.

त्या जत्रेला मी जाणार नव्हतो. तिथे दंतवैद्य गालाला काजळी फासून होबो होतात. नव्याकोऱ्या पँटला बायको हौसेने ठिगळ लावून देते. अगं, आम्ही ठिगळं लपवायचो! काम मागायला निघालेल्या माणसाला फाटकं दिसून कसं चालेल? आणि ज्याला सगळ्यांत जास्त टाळ्या, तो त्या वर्षीचा राजा. कॉफीचा डबा कातरून त्याचा मुकुट करतात. शिसारी येते.

त्या कडव्याची एक रीत आहे. मेलेल्याचं कडवं रुळाकाठच्या तळावर अगदी शेवटी म्हणायचं, टोप्या काढून. मग टाळी नाही, शब्द नाही. जो तो उठतो, भांडं घासून पुढच्यासाठी पालथं घालतो आणि आडवा होतो. असल्या गोष्टी कागदावर घालायच्या नसतात, म्हणून तू मागितलंस तेव्हाही लिहून धाडलं नाही. रागावू नकोस.

पण तू म्हणतेस तर जातो. टोप्या नाही काढल्या तरी लाजेने एकदा गप्प बसतील, एवढं झालं तरी पुष्कळ.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
ऑरिन


सू सिटी
१२ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

जाऊन आलो. अजून तोंडाची चव गेलेली आहे.

जत्रेच्या मुख्य पॅक्स्टनबाई. आल्याआल्या माझा धुतलेला सदरा बघून नाराज झाल्या. म्हणाल्या, आजोबा, जरा मळकं काही नाही का? मी म्हटलं, बाई, मळकं घालून मी कुणाच्या दारात गेलेलो नाही. मग त्यांनी हळूच सांगितलं की शेवटचं कडवं तेवढं गाळा, लोक जेवताहेत. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

मोठ्या कढईत रस्सा होता. लोक दोन घास घ्यायचे, तोंड वाकडं करायचे आणि उरलेला वाडग्यासकट पिंपात. पिंपावर माश्या. असल्याच रश्श्यात आपल्या वाट्याचा टाकायला एक बटाटा मिळावा म्हणून लेस्टरने एकदा दिवसभर लाकडं फोडली होती.

मी टोपी काढली आणि म्हटलं सगळं. काठी, शिडीवरून सुटलेला हात, यार्डाचं नाव, काहीच गाळलं नाही. क्षणभर शांतता झाली. मला वाटलं, पोचलं, ताई.

आणि मग टाळ्या! लोक उभे राहून शिट्ट्या मारायला लागले. कुणी तरी ओरडलं, आजोबा, पुन्हा एकदा! पॅक्स्टनबाई डोळे पुसत आल्या आणि त्यांनी माझ्या डोक्यावर मुकुट ठेवला. आपल्या लेस्टरच्या मरणाला पहिला नंबर मिळाला.

कढईपाशी गेलो आणि ती घासायला बसलो. हातांना तेवढंच ठाऊक होतं. तर फोटोवाला धावत आला, म्हणे मुकुट घालूनच घासा, छान येईल. कढई पालथी घातली आणि पहिली बस धरली.

मुकुट सोबत पाठवतोय. माझ्याच्याने टाकवला नाही आणि ठेववतही नाही. ते कडवं आता पुन्हा म्हणणार नाही. विटाळल्यासारखं झालंय.

लोभ असू दे, आज त्याची गरज आहे.
ऑरिन


वॉलनट फोर्ड
१९ ऑगस्ट

चि. ऑरिन यास अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं आणि त्या गावाला तोंडभरून शिव्या घातल्या. कोंबड्या घाबरून कोपऱ्यात गेल्या. तो मुकुट कोबीच्या रोपाभोवती मातीत खोचलाय. आता अळी चढणार नाही. त्या पत्र्याने जन्मात एवढं एकच चांगलं काम केलं असेल.

विटाळलं-बिटाळलं मला सांगू नकोस. भांडं खरकटं झालं म्हणून कुणी फोडत नाही. मी तुला चुकीच्या माणसांपुढे धाडलं. माझं राहू दे म्हणाले होते ना? तर आता राहू देत नाही. लेस्टरची बहीण अजून जिवंत आहे आणि तिने ते ऐकलेलं नाही.

गुरुवारची बस पेंडीच्या दुकानापाशी थांबते. मार्व्हाचा नवरा गाडी घेऊन येईल, त्याला आत बसायला सांगणार नाही. धुतलेला सदराच घालून ये. मागच्या पायरीवर बसू, जिथून मी तुमच्यासारख्या पोरांना भाकरी द्यायची. जेवून, सगळं घासून झालं की म्हण.

माझ्याकडून टाळी वाजण्याची भीती नाही. कामाचा एकच हात उरलाय, आणि तो तुझ्या हातात असेल.

वाट बघते. बाकी लोभ समोर बसून.
तुझी,
एल्मिराताई