गावावरून उतरताना

९ मार्च
आजही उतरताना विमानाची उंची लवकर गेली. गावाच्या अलीकडेच खाली आले, मग पॉवर द्यावी लागली. इंजिन नेमकं आत्याच्या घरावर ओरडलं. शेजारच्या सीटवर मला शिकवणारे कुलकर्णी सर. उतरल्यावर म्हणाले, "नवा नियम वाचलास ना? गावावर उंच राहायचं, पॉवर कमी. हे जमेपर्यंत एकटीला विमान घेऊन सोडणार नाही."
वाचला. पाठ आहे. हातात नाही अजून.

१० मार्च
सुट्टी. राजापेठेतल्या खोलीवरून स्कूटीनं आत्याकडे. तिच्या झेंडूच्या वावरातून धावपट्टी दिसते. तिच्या सुनेची, सविता वहिनीची मुलगी झोळीत झोपली होती, एवढीशी, अजून नावही ठेवलं नाही. विमान गेलं. पोर दचकून रडायला लागली.
आत्या फुलं तोडता तोडता, "काल वरतं तूच होती का?"
"हो."
"मंग जरा हळू चालव ना बाई. लेकराले झोपू दे."
हो म्हटलं. फार हळू चालवलं तर विमान पडतं, हे नाही सांगितलं.

१२ मार्च
सरांकडून परत समजून घेतलं. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे पट्टे, लवकर उघडले की विमान हवेत अडतं. अडलं की पॉवर लागते, पॉवर दिली की आवाज. म्हणजे कॅनॉल ओलांडेपर्यंत पूर्ण उघडायचे नाहीत. आधी गाव, मग कॅनॉल, मग धावपट्टी.
संध्याकाळी खुर्चीत बसून, डोळे मिटून हीच तालीम. रूममेट हसली. हसू दे.

१४ मार्च
आवाज कमी, पण वेग जास्त. अर्धी धावपट्टी तरंगतच गेली. पुन्हा. पुन्हा. हात दुखतोय. सोडणार नाही.

१६ मार्च
जमलं!! गावावर इंजिन नुसतं गुरगुरत होतं, विमान आपलं आपण घसरत आलं. सर फक्त "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे खूप.
आत्याला फोन. "आत्या, आत्ता ऐकू आलं का काही?"
"कायचं?"

१८ मार्च
लिहावंसं वाटत नाही. लिहितेच.
दुपारची फेरी. ऊन तापलेलं, हवा उकळल्यासारखी. गावावर विमान एकदम खाली बसलं. पॉवरच्या दांड्यावर, थ्रॉटलवर हात होता, पुढे ढकलायचा होता, आणि मनात आलं, पोर झोपली असेल. थांबले. क्षणभरच. सरांनी माझ्या हातावर हात ठेवून थ्रॉटल पुरता आत ढकलला. केवढा आवाज.
खाली आल्यावर ओरडले नाहीत. म्हणाले, "पल्लवी, नियम शांततेसाठी आहे. पण गरजेच्या वेळी शांतता बघत बसशील, तर गावातच उतरशील."
जेवले नाही.

१९ मार्च
पाडवा. आत्याचा झेंडू सकाळीच विकला गेला होता. खुशीत होती. तरी सांगितलं. कालचं सगळं.
"आत्या, कधीकधी आवाज होईल. मी मुद्दाम करीन. नाही केला तर घरावर येईन."
आत्यानं समोरची परात बाजूला सरकवली. मग, "हे आधी काहून नाई सांगितलं? आमाले वाटे, तुमी मस्तीनं करता."
"रागावली का?"
"रागावली त हावोच. पन तू पडू नोको." मग हातात पुरणपोळी दिली. "सोमवारी सभा हाये गावात, विमानाच्याच आवाजाची. लोक लय तापून हायेत. तूच येऊन सांग. मले ते फ्लॅप-बिलॅप नाई सांगता येत."

२० मार्च
दुपारच्याच तीन फेऱ्या मागून घेतल्या. एकदा हवेनं परत खाली ओढलं. पॉवर दिली, लगेच. बाकी दोनदा गाव शांत.

२२ मार्च
सभेचं सरांना सांगितलं. "जा. पण पुन्हा आवाज होणारच नाही, असं वचन देऊ नकोस." दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "उद्या वारा बरा असला तर एकटी जाशील."
बाबांना बाळापूरला फोन केला. बातमी सांगितली. आईनं फोन घेतला, तिकडे ते नाक शिंकरत होते.
सभा दुपारी. विमान सकाळी. लोकांसमोर उभी राहीन तेव्हा गावानं मला ऐकलेलं असेल, किंवा नसेल. दोन्हीची तयारी आहे. सभेत सुरुवात कशानं करायची, ते मात्र अजून ठरलेलं नाही.