विलायतेचे सिग्नल

गुरुवार, पौर्णिमा

आज संध्याकाळच्या वंदनेत चौथं शील, खोटं न बोलण्याचं, तोंडातून फुटलंच नाही.

निवृत्तीपासून हे कॉम्प्युटरवरच्या रेल्वेच्या खेळात इंग्लंडचे सिग्नल बसवतात, खांब रोवून वर विजेच्या तारा ओढतात. विहारातल्या बायकांना मात्र मी सांगून बसले, की हे घरबसल्या विलायतेच्या रेल्वेचं काम करतात. कशाला सांगितलं मी?

दुपारी विहारात येणाऱ्या भाजीवाल्या कमलमावशी सुनेला घेऊन दारात. "भाऊ, हिला बी लावा की तितं. बारावी झालीया." सून इस्त्रीच्या साडीत, हातात प्रमाणपत्रांची पिशवी. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मावशी, हा नुसता खेळ आहे. नोकरी आहे असं सांगून मीच हिला फसवलं."

मावशी हसल्या. "लय पोचलेले हाय तुमी, भाऊ." सून हसली नाही. ती पिशवी तिनं पदराखाली घेतली. ती पिशवी डोळ्यांपुढून जात नाही.

त्या गेल्यावर ह्यांनी खांब रोवता रोवता विचारलं, "माझी लाज वाटते का गं तुला?"

मी काहीच बोलले नाही. नाही म्हटलं असतं, तर तेही खोटंच झालं असतं.