हेरोच्या लग्नाचे तीन कागद

हार्लिंगेन, ३ मार्च १९८२

चि. खेस्के हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि राईच्या सुपाची कृती, दोन्ही पोचलं. सूप बिघडलं. दोष तुझ्या अक्षराचा, असं मी ठरवून टाकलंय.

वंशावळ मात्र एका जागी अडून बसली आहे. आपले खापरपणजोबा हेरो हायकेमा यांचा जन्म सापडला, मृत्यू सापडला, लग्न काही सापडत नाही. नोंदी ग्रोनिंगेनच्या दप्तरखान्यात असणार, आणि तो तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर. तेव्हा जा. चाळीस वर्षं पोरांना इतिहास शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या स्वतःच्या घराण्यात असं भोक बरं दिसत नाही.

तुझ्या त्या लुबर्टबद्दल. माणूस भला असेल, मी नाही म्हणत नाही. तू एकटीने दिवस काढतेस त्याला सात वर्षं झाली, तेही कळतं. पण सहासष्टाव्या वर्षी लग्न, आणि तेही मालवाहू बोटीवर जन्म काढलेल्या माणसाशी? लोक हसतील. मी येणार नाही. राग मानू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा वोबे

---

ग्रोनिंगेन, १५ मार्च

ती. वोबेदादास,
सा. न. वि. वि.

हसणारे लोक कोण, ते कळव. आपल्या ओळखीचे निम्मे वर गेले आणि उरलेल्यांना ऐकू येत नाही.

दप्तरखान्यात जाऊन आले. दाराशीच माझं पेन काढून घेतलं आणि हातात शिसपेन्सिल दिली. पुन्हा पहिलीत बसल्यासारखं वाटलं. तिथल्या बाई फार मायाळू, त्यांनी तासाभरात हेरोचं लग्न काढून दिलं. नोव्हेंबर १८२६. तो सत्तावीस वर्षांचा. नवरी ट्राइन्ये, दलदलीतली जळाऊ माती खणणाऱ्या मजुराची मुलगी. हेरोच्याच बापाकडे दूध काढायला होती. बाप एल्टयो लग्नाला हजर नाही.

का नाही, तेही कागदात आहे. बाईंनी तेव्हाचा कायदा समजावून सांगितला. तिशीच्या आतल्या मुलाला लग्नासाठी बापाची संमती हवी. बाप अडून बसला तर नोटरीने त्याच्या घरी जाऊन, महिन्या-महिन्याच्या अंतराने, तीनदा आदरपूर्वक विनंती करायची. त्यानंतर मुलगा मोकळा. बाप काय म्हणाला ते नोटरीने लिहून ठेवायचं.

पहिल्या खेपेला एल्टयोने दारच उघडलं नाही. खिडकीतून सांगितलं की मुलगी दरिद्री घरची आहे. दुसऱ्या खेपेला तो गोठ्यात होता. म्हणाला, उत्तर एकदा दिलंय, आणि तुमच्या काळ्या कोटाला गाय बुजते, निघा. तिसरा कागद दुसऱ्या बाडात आहे, पण तेवढ्यात दप्तरखाना बंद व्हायची वेळ झाली.

लग्न जूनमध्ये करायचं ठरतंय. तू यावंस अशी माझीही आदरपूर्वक विनंती, नोटरीशिवाय.

लोभ वाढव, उपदेश आवर.
तुझी खेस्के

---

हार्लिंगेन, १९ मार्च

चि. खेस्के हिस,
अ. उ. आ.

एल्टयो मला फार आवडला. घराण्यात निदान एकाला तरी ठामपणा होता. तिसरा कागद ताबडतोब बघ. त्या गाईवाल्या उत्तराची नक्कल पाठव, ती मी भिंतीवर लावणार आहे.

तुझ्या विनंतीला उत्तर तेच. माझ्याकडे गाय नाही, एवढाच फरक.

तब्येतीला जप.
वोबे

---

ग्रोनिंगेन, २९ मार्च

ती. वोबेदादास,
सा. न. वि. वि.

तिसरा कागद मिळाला. या खेपेला एल्टयोने नोटरीला आत घेतलं, बसायला खुर्ची दिली. मग त्याने विचारलं, “लग्न झाल्यावर तो राहणार कुठे?” नोटरीने सांगितलं की त्याविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही. बस, एवढंच. होकार नाही, नकारही नाही. खाली सही.

मला चैन पडेना, म्हणून पुढची वर्षं चाळली. सप्टेंबर १८२७ मध्ये हेरो मुलाचा जन्म नोंदवायला गावच्या कचेरीत गेला. दोन साक्षीदार लागतात. एक शेजारी. दुसरा एल्टयो हायकेमा, शेतकरी, वय एकसष्ट, बाळाचा आजोबा. बाळाचं नाव एल्टयो. तेच आपले पणजोबा. मी रुमाल काढला तशी त्या बाईंनी आधी कागद लांब सरकवला.

दादा, मी वाद घालत नाही. नाताळात तू आणि लुबर्ट चार तास सोंगट्या खेळलात आणि तू हसत होतास, हे मी पाहिलंय. तुझं नेमकं काय बिनसलंय, एवढं खरं सांग. न येण्यापेक्षा न सांगणं जास्त लागतं.

तुझी खेस्के

---

हार्लिंगेन, २ एप्रिल

चि. खेस्के हिस,
अ. उ. आ.

परवापासून हे पत्र चार वेळा सुरू करून फाडलं.

लोक हसतील हे खोटं होतं. लुबर्ट मला आवडतो. सोंगट्यांत तो लबाडी करतो, तरी आवडतो. खरं कारण असं की लग्नानंतर तू बोटीवर राहायला जाणार. आज झ्वोले, उद्या रॉटरडॅम, परवा जर्मनीत कुठेतरी. तू चौतीस साली नोकरीला घर सोडलंस तेव्हापासून आपण एकमेकांना लिहितोय. मी लग्न केलं नाही, मला पोरंबाळं नाहीत. दिवसभरात काही गंमत घडली की ती खेस्केला कशी लिहायची, हे मी मनात जुळवत बसतो. बोटीला पत्ता नसतो, खेस्के. ते सगळं मी पाठवणार कुठे? हे विचारायची लाज वाटली, म्हणून लोकांना मध्ये घातलं.

त्या म्हाताऱ्याने निदान नोटरीला तरी विचारलं.

मी येतोय. लेउवार्डेनला गाडी बदलून आदल्या दिवशी दुपारी पोचेन. सूट सैल करायला शिंप्याकडे टाकलाय. साक्षीदार कमी पडत असेल तर माझं नाव घाल.

लुबर्टला विचार, बोटीवरच्या माणसांची पत्रं कुठल्या बंदरात, कोणाकडे ठेवतात. मला नीट, मोठ्या अक्षरात लिहून पाठव. घाई आहे.

आशीर्वाद, दोघांनाही.
तुझा दादा