आडवा प्रवासी

३ फेब्रु., मंगळ.
आडव्या माणसाला किती धक्का सोसतो? ऑफिसात आज मीच विचारलं, आणि उत्तर मलाच येत नाही. रुग्णवाहिकेच्या सस्पेन्शनचं कॉम्प्युटर मॉडेल माझ्याकडे आलंय. मूळ मॉडेल मिनीबसचं. त्यात प्रवासी म्हणजे सीटवर बसलेलं एक वजन, खाली स्प्रिंग आणि धक्का जिरवणारा डॅम्पर. आपला पेशंट तर स्ट्रेचरवर असणार. आमचे साहेब, कर्णिक सर म्हणाले, "बसलेलाच ठेव. आकडे छान येतायत ना?"
येतायत. म्हणूनच धास्ती.

५ फेब्रु., गुरु.
मॉडेलमध्ये माणूस आडवा केला. वाट लागली. स्ट्रेचर बरोबर मागच्या चाकांवर, आणि त्याची चौकट गाडीच्याच तालात थरथरते. स्पीडब्रेकरवर तर माणूस उचलून आपटतो. सरांना ग्राफ दाखवला.
"स्नेहल, झोपलेला पेशंट कधी तक्रार करतो का? निम्मे तर बेशुद्ध असतात!"
सगळे हसले. मीही. का हसले मी?
स्ट्रेचरखालचे रबर बदलले, ते थोडं पुढे घेतलं तर प्रश्न सुटेल. पण गाड्या बनून उभ्या आहेत.

९ फेब्रु., सोम.
गाड्या घेणाऱ्या हॉस्पिटलला खऱ्या माणसाचा अनुभव हवाय. उद्या चाचणी, वयस्कर माणूस मिळेना. सर म्हणाले, "घरचं कोणी आण की." मी मूर्ख, घरी बोलून गेले. बाबा लगेच तयार. आयुष्यभर रिक्षा चालवून मणक्याचं ऑपरेशन झालेला माणूस. नको म्हटलं तर, "गप गो. घरात इंजिनीयर एकच, ता माझा चेडू."
शर्ट इस्त्रीला दिलाय.

१० फेब्रु., मंगळ.
आधी लिंक रोड, मग कॉलनीतले स्पीडब्रेकर. बाबा स्ट्रेचरवर, पाठीखाली सेन्सर. मी शेजारी लॅपटॉप धरून. एका ब्रेकरवर रेघ स्क्रीनच्या बाहेर गेली. बाबांच्या तोंडून आवाज नाही. पट्टा आवळलेली बोटं पांढरी पडलेली. मी "थांबवा" म्हणाले, तर बाबाच ओरडले, "चालू दे रे! झकास!"
नंतर अभिप्रायाच्या कार्डावर 'अतिशय आरामदायक'ला खूण. खाली स्वतःहून लिहिलं, घरच्या पलंगापेक्षा बरं. सरांनी खांद्यावर थाप मारली. "काका, तुमच्यासारखे पेशंट पाहिजेत." बाबा खुलले.
सरांची पाठ वळल्यावर माझा खांदा धरून उतरले.

११ फेब्रु., बुध.
बाबांना उठता येत नाही. आई बशीतून चहा पाजते.
"खरं का नाही सांगितलंत?"
"तुझी नोकरी नवी. मी तुझा नाव खराब करू?"
आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढं शिकलीस, आणि बापालाच आपटून आणलंस."

१२ फेब्रु., गुरु.
रिपोर्टच्या पहिल्याच पानावर बाबांचं वाक्य. फोटोसकट. हसतायत. सेन्सरची नोंद कुठेच नाही.
सर म्हणाले, "तुझा बाप सांगतोय आराम आहे. त्याला खोटं ठरवणारी तू कोण? उद्या सही करून पाठव."
हॉस्पिटलने हा रिपोर्ट घेतला की गाड्या रस्त्यावर. आत कोणीतरी आडवं. तोंडातून आवाज न काढणारं...

१३ फेब्रु., शुक्र.
रिपोर्ट पाठवला. सोबत सेन्सरची नोंद आणि आडव्या माणसाचं मॉडेल. बाबांच्या वाक्याखाली मी लिहिलं: "हे माझे वडील. मुलीच्या नोकरीसाठी खोटं बोलले. यांचा अभिप्राय धरू नये." मग सही केली.
ऑफिसचे फोन येतायत. उचलले नाहीत. हॉस्पिटलचं उत्तर नाही.
घरी येऊन पलंगाशी उभी राहिले आणि ते वाक्य बाबांना वाचून दाखवलं. त्यांच्यापासून लपवायचं नव्हतं.
"माका खोटो ठरवलंस," एवढंच म्हणाले. भिंतीकडे वळायला गेले. वळता येईना. मी हात दिला, तो झटकला.
आईला हाक मारून कूस बदलून घेतली.