सातव्या दोरीवरचा मासा

तासगाव
९ मार्च २०२४

प्रिय शिफा,

तुला सलाम, आणि मिरजेला तुझ्या अम्मींनाही. तिकडं कवरत्ती बेटावर उकाडा वाढला असेल. इथं बेदाण्याची गडबड आहे. शेडमधून आलं की हाताचा वास जात नाही. फोनवर घरचे सगळे ऐकतात, म्हणून हे पत्र.

यादी मिळाली. पाच वर्षं समुद्रात त्याच दोऱ्या टाकून आपण मासे मोजले. दोनशे बारा जाती, त्यांतल्या एकसष्ट एकदाच दिसलेल्या. ज्यांचा फोटो नाही त्या गाळा, असं सर म्हणतात. गाळू नकोस गं. काही आपल्या बेटाला विरळ, पण शेजारच्या बेटाला थव्यानं आहेत. काही सगळीकडंच एखाददुसरे. काही एकाच जातीच्या प्रवाळाला धरून राहतात. ते पांढरं पडलं की हे मासेही जातात. सातव्या दोरीवरचा काळ्या गालाचा मासा मी एकटीनं पाहिला. तू वर बोटीत होतीस. पण पाहिला, खरंच.

एप्रिलच्या मोजणीला कानामुळं येत नाही, असं कळवलं होतं. ते खोटं. कान ठणठणीत आहे.

दिवाळीत मामंजींची उजवी बाजू गेली. माझा वीरधवल सीमेवर. सगळ्यांसमोर मीच म्हणाले, "मी बघते." त्यानंतर कुणी विचारलं नाही.

रविवारी धीर करून सासूबाईंना म्हणाले, "आई, पंधरा दिवस जाऊन येऊ?"

"जा की. पर ह्यास्नी उचलायचं कुणी? माजं गुडघं चालत न्हाईत."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर भांडले असते.

मामंजींनी ऐकलं. डावा हात दाराकडं करत "जा... जा..." म्हणायला लागले आणि त्या धडपडीत कॉटवरून खाली आले. आम्हा दोघींना उचलेनात. शेडमधून यासीनभाई धावत आले, तेव्हा कुठं उचललं. मामंजी रडत होते, शिफा. मला म्हणाले, "चुकलं."

संध्याकाळी सरांना मेल केला: कान दुखतोय, माझं नाव काढा. कुणी सांगितलं नव्हतं. मग न्हाणीत कडी लावून बादलीत तोंड बुडवलं, श्वास धरला. सत्तरपर्यंत मोजलं असेल, बाहेरून आईंची हाक आली, "संयोगिता, ह्यास्नी च्या पायजे."

माझ्या जागी अंकिता येतेय म्हणे. माझा मास्क तिला दे. पट्टा तिच्या मापाचा करून घे, आणि परत माझ्या मापाचा करू नकोस.

इथंच असणारी,
संयोगिता