शेवटचा फर्मा

१२ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

इथे सगळे ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण मी त्याच्याकडे लक्ष देत नाही आणि तोही हल्ली फारसा आग्रह धरत नाही. तुझ्या दुकानाचं छप्पर गळत होतं ते झालं का दुरुस्त? मावशींकडून कळलं. तुझ्याकडून काही कळायची सोय नाहीच.

आता कामाचं. आमच्या ग्रंथालयात मार्चमध्ये एक प्रदर्शन आहे. विषय एकच कादंबरी. ती जुनी, भयाण वाड्याची: विधवा बाई नोकरीला येते, वरच्या मजल्यावर एक खोली कायम बंद, आणि आत कुणीतरी चालतंय. हाताने पुस्तकं घडवणाऱ्या कलाकारांनी ही कादंबरी वाचून आपल्या मनाने एक पुस्तक करायचं. कागद, बांधणी, आकार, सगळं त्यांच्या मर्जीचं. तीसेक जणांना पत्रं गेली आहेत. यादीत तुझं नाव मी घातलेलं नाही, आमच्या ग्रंथपाल बाईंनी घातलं. त्यांनी कुठेतरी तुझं काम पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तुमची सख्खी बहीण? अहो, मग एवढी वर्षं बोलला का नाहीत?" मी म्हटलं, कामाच्या जागी घरचं बोलायची सवय नाही मला.

नियम सोबत छापले आहेत. नीट वाच, तुला नियम वाचायचा कंटाळा आहे. पुस्तकावर नाव घालायचं नाही. नाव वेगळ्या बंद पाकिटात, वर फक्त क्रमांक. निवड तिघे करणार: ग्रंथपाल बाई, एक चित्रकलेचे मास्तर आणि मी. नाव माहीत नसल्यामुळे कुणाला झुकतं माप मिळणार नाही. हे मी मुद्दाम लिहिते, म्हणजे नंतर कुणी काही म्हणायला नको.

ही कादंबरी बाबांच्या बाइंडिंगच्या दुकानात शिवायला आली होती, वकिलांची प्रत. तुला आठवत असेल. नसेल आठवत तरी बिघडत नाही.

नाही जमलं तर तसं कळव. लोक कळवत नाहीत, त्याचा फार त्रास होतो.

ताई


२५ फेब्रुवारी

महोदया,

आमच्या निमंत्रणाला मान देऊन आपण पाठवलेलं पुस्तक (क्रमांक २३) निवड समितीपुढे आलं. मेहनत दिसते. परंतु नियम सहाप्रमाणे पुस्तक बांधणीच्या दृष्टीने पूर्ण असणं आवश्यक आहे. आपल्या पुस्तकात शेवटचा फर्मा (एकत्र शिवायच्या पानांचा जुडगा) नाही. टाके घातलेले आहेत, दोरा ओढलेला आहे, पण त्या जागी पानं नाहीत. त्यामुळे ते प्रदर्शनात ठेवता येत नाही, याचा खेद वाटतो.

पुस्तक परत कसं पाठवायचं ते कळवावं.

आपली,
प्रदर्शन प्रमुख

ता. क. पाकीट उघडल्यावर क्रमांक तुझा निघाला. वाईट वाटून घेऊ नकोस. नियम सगळ्यांना सारखे.


६ मार्च

चिंगे,

या नावाने मी तुला कधी हाक मारली नाही. ते बाबांचं होतं, आणि त्यांनी तुला त्या नावाने हाक मारली की मला चहात माशी पडल्यासारखं व्हायचं. आज मारते.

तुझं कार्ड आलं. दोनच ओळी. "पुस्तक परत पाठवू नकोस. तुझ्याकडेच राहू दे, उरलेलंही तुझ्याकडेच आहे." मी ते कचेरीत उभ्या उभ्या वाचलं आणि मग बसले. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "काय हो, कुणी गेलं का?" मी म्हटलं, नाही, कुणी आलं.

म्हणजे तुला माहीत होतं. कधीपासून? मी विचार करकरून दमले आणि मग माझी ट्रंक आठवली. लग्नानंतर मी निघाले तेव्हा ती तू भरली होतीस. तळाशी, कपड्यांखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती सोळा पानं. तू ती पाहिलीस, परत तशीच ठेवलीस आणि वर माझी शाल घडी घालून ठेवलीस. मला म्हणालीस, "ताई, बंद होत नाहीये, जरा बस तिच्यावर." मी बसले. आणि तू कुलूप लावलंस.

आता मी सांगते. तुला माहीत असलं तरी सांगते, कारण ते माझ्या तोंडून तू ऐकलेलं नाहीस.

वकिलांचं पुस्तक बाबांनी उसवलं होतं. फर्मे सुटे करून खिडकीखाली रचून ठेवले होते आणि रोज संध्याकाळी मी एक उचलून तुला वाचून दाखवायची. तू अकराची, मी पंधराची. मी थांबले की तू म्हणायचीस, "मग?" मी मुद्दाम थांबायची. त्या घरात माझी वाट बघणारं एवढं एकच माणूस होतं, आणि तेही गोष्टीपुरतं.

ज्या दिवशी शेवटचा फर्मा वाचायचा होता, त्याच दिवशी दुपारी वकील आले. बाबांनी त्यांना तू शिवलेली वही दाखवली. तुझा डावा हात, म्हणून तुझी गाठ उलटी पडायची, आणि तुला सोपं जावं म्हणून बाबांनी अख्खं टेबल फिरवून घेतलं होतं. ते वकिलांना म्हणाले, "हिचा हात माझ्यापेक्षा सरस आहे." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही हुशार आहे. ही शिकेल." वकील म्हणाले, वा वा. कुणाला वाटेल दोन्ही मुलींचं कौतुक झालं. मला मात्र ऐकू आलं की एक दुकानात राहील आणि एक दुकानाबाहेर.

मी संध्याकाळी फर्मा काढून माझ्या वह्यांत सरकवला. वाटलं होतं, तू "मग?" विचारशील आणि मी म्हणेन, हरवला. एवढंच. दोन दिवस तुला तळमळू द्यायचं आणि मग द्यायचा. पण बाबांनी सकाळी फर्मे मोजले. आठवतं, कसे मोजायचे? एकेक टेबलावर ठोकून, मोठ्याने. अकरा हवे होते, दहाला थांबले. पुन्हा मोजले. पुन्हा दहा. आणि फर्मे क्रमाने ठेवायचं काम तुझं होतं.

तू रडली नाहीस. "मी ठेवला होता, बाबा," एवढंच म्हणत राहिलीस. बाबांनी वकिलांची माफी मागितली, अर्धवट पुस्तक परत दिलं, आणि तुला सहा महिने सुईला हात लावू दिला नाही. मी तेव्हा पुढे येऊन बोलू शकले असते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, केव्हाही. सहा महिने मी टेबलावर तुझ्या जागी बसले आणि माझे टाके वाकडे पडत राहिले. फिरवलेलं टेबल बाबांनी तसंच ठेवलं. तू परत येणार हे त्यांना माहीत होतं.

आता क्रमांक २३ बद्दल. "पाकीट उघडल्यावर क्रमांक तुझा निघाला" हे मी खोटं लिहिलं. पुस्तक हातात घेतलं आणि पहिल्याच गाठीवर कळलं. उलटी गाठ. मग पानं उलटत गेले. प्रत्येक पानात कापलेलं दार आधीच्यापेक्षा लहान, कागद पानागणिक काळा होत गेलेला, शेवटचं दार तर सुईच्या नेढ्याएवढं. त्यानंतर कागदच नाही. नुसता दोरा, पाठीवर घट्ट ओढलेला, रिकाम्या जागेला शिवलेला.

चित्रकलेच्या मास्तरांनी तो दोरा बोटाने चाचपून पाहिला. मग म्हणाले, "बाई, मधल्या टेबलावर हेच."

मी म्हटलं, "अपूर्ण आहे. नियम सहा."

"अहो, अपूर्ण काय! बंद खोली आहे ती!"

"बांधणीतला दोष आहे तो."

"तुम्ही बाइंडरची मुलगी ना? मग हा दोष आहे असं खरंच म्हणता?"

मी म्हटलं, बाइंडरची मुलगी आहे म्हणूनच म्हणते. त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. तीस वर्षं मी इथे नियम सांगते आहे, माझ्या तोंडून नियम आला की लोक वाद घालत नाहीत. ती माझी कमाई, आणि मी ती तुझ्याविरुद्ध वापरली. पन्नाशी उलटून गेल्यावर, पुन्हा तेच. चिंगे, तू ते पुस्तक माझ्यावर केलं होतंस हे मला समजलं, पण मला राग त्याचा आला नाही. राग आला तो ते इतकं सुंदर असल्याचा. माझ्या चोरीतूनसुद्धा तुलाच काहीतरी मिळालं. मला काय मिळालं? ट्रंकेच्या तळाशी सोळा पानं.

ती मी त्याच आठवड्यात वाचली होती, एकटीने, न्हाणीघरात दार लावून. शेवट काय आहे ते मला तेव्हाही नीट कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. पानाच्या टोकाशी येऊन थांबायची आणि कुणी "मग?" म्हणायचं नाही.

काल मी दोघांना सगळं सांगितलं. मास्तर उगाच चष्मा पुसत बसले. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही हे घेऊन रोज कामावर येत होतात?" मी निवड समितीतून बाहेर पडले आहे. तुझं पुस्तक आता मधल्या टेबलावर आहे, शेवटच्या पानावर उघडं, दोरा दिसेल असं. शेजारी तुझं नाव, संपूर्ण, मी स्वतः लिहिलं. अक्षर बरं आलंय. उद्घाटन शनिवारी सकाळी दहाला. तू यावंस असं वाटतं, पण ते मागण्याचा मला हक्क नाही, म्हणून मागत नाही.

सोबत फर्मा. कडा पिवळ्या पडल्यात, एका कोपऱ्याला कसर लागली आहे, पण पानं सोळाच्या सोळा आहेत. मोजून घे, बाबांसारखी, मोठ्याने. शिवायचा की जागा रिकामी ठेवायची ते तुझं पुस्तक ठरवेल. मला विचारू नकोस, माझा हात कधीच सरस नव्हता.

फक्त वाचून झाल्यावर मला एकदा सांग, त्या खोलीत शेवटी कोण होतं. मी या टोकाला बसून आहे आणि विचारते आहे,

मग?

तुझी ताई