यांना वेगळं ठेवा

ती. वासंतीताईस,

बेळ्ळंदूरहून शरच्चंद्राचा नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणजे घरातल्या घरात नव्हे. इथे आम्ही मजेत. तलावाकडून वारा आला की वासामुळे खिडक्या लावतो, एवढंच.

गेल्या आठवड्यात मला चक्क नोकरीला लावलं होतं. आमच्या निधीची कंपनी शाळांसाठी वेळापत्रक लावायचं सॉफ्टवेअर करते. त्याच्या मेनूत वर्षानुवर्षं भर पडून नव्वद आज्ञा झाल्या आहेत (आपल्या आईच्या फडताळासारखं, कुणी काही टाकून देत नाही). तिचा साहेब ध्रुव म्हणाला, तीसच ठेवायच्या. कुठली आज्ञा किती शाळा वापरतात याचा हिशेब कॉम्प्युटरच देतो. त्यात ‘यांना वेगळं ठेवा’ अशी एक निघाली. दोन शिक्षकांची नावं द्यायची, की त्यांचा मोकळा तास कधीच एका वेळी येत नाही. देशभरात ती वापरणारी शाळा एकच, इथल्याच मल्लेश्वरमची. ही आज्ञा निधीने नोकरीच्या पहिल्या वर्षी स्वतः बनवलेली, त्यामुळे तिचा जीव त्यात. ध्रुवने ती काढून शाळेला वापरून बघायला नमुना पाठवला. दोन आठवडे तक्रार आली नाही, हीच त्याने संमती धरली. शुक्रवारी शेवटची बैठक होती. निधीला रजा नव्हती, आणि निवृत्त माणूस मोकळाच असतो असा या घरात समज आहे, म्हणून त्याआधी शाळेत जाऊन विचारायला मी निघालो. बेळ्ळंदूरचा चौक ओलांडण्यात पाऊण तास गेला. पुढचा मेट्रोचा प्रवास मात्र अर्ध्या तासात झाला.

तिथल्या उपमुख्याध्यापिका कावेरीअक्का तीस वर्षं वेळापत्रक लावताहेत. त्यांनी कॉफी दिली आणि दार लावून घेतलं. संस्कृतच्या वीणाबाई आणि भौतिकशास्त्राचे दामोदर सर शिक्षकखोलीतला पंखा किती वेगाने फिरावा यावरून नऊ वर्षं बोलत नव्हते. नमुना आला, आज्ञा गेली आणि मंगळवारचा तिसरा तास दोघांना एकदमच मोकळा आला. पहिल्या आठवड्यात पाठीला पाठ. दुसऱ्या आठवड्यात कळलं, की शनिवारचा शेवटचा तास दोघांच्याही गळ्यात आहे. मग दोघांनी एका टेबलाशी बसून दोन पानी तक्रार लिहिली. मी म्हटलं, हे तर उत्तमच झालं, मग आज्ञा हवी कशाला? अक्कांनी गृहपाठ न केलेल्या मुलाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

“सरी, तुम्हाला उत्तम,” त्या म्हणाल्या (सरी म्हणजे ठीक). “आधी ते एकमेकांवर रागवायचे. आता दोघं मिळून माझ्यावर रागावतात.”

(कंपनीला तक्रार करायलाही त्यांना सवड झाली नव्हती. रोज त्या दोघांना उत्तरं देत होत्या.)

शुक्रवारी निधीने मला साक्षीदार म्हणून नेलं. ध्रुवने सगळं ऐकून विचारलं, असे शिक्षक असलेल्या शाळा तरी किती असणार? मी म्हटलं, सगळ्या. बाकीच्यांना ही आज्ञा सापडलेलीच नाही, कारण ती चार पायऱ्या खाली पुरली आहे. कारखान्यात एका बिंदुमाधवाला टाळायला मी बारा वर्षं साडेअकरालाच डबा खाल्ला, हेही सांगितलं. टेबलाभोवतीचे दोघे-तिघे एकमेकांकडे बघणं टाळत होते. ध्रुवच्या ते लक्षात आलं असावं. त्याने ‘तक्त्याचे रंग’ ही सतरा छटांची आज्ञा काढली (ती त्याची स्वतःची होती, हे मागाहून कळलं) आणि निधीची वर आणून ठेवली. परतताना पोरीने मला डोसा खायला घातला आणि स्वतःच्या ताटातली चटणीही दिली.

तुझा,
शरू

ता. क. खरं काम राहिलंच. दिवाळीनंतर महिनाभर इकडे राहायला ये. तुझ्या श्वेताच्या लग्नातल्या मानपानापासून तू आणि प्रेमा बोलत नाही, त्याला सहा वर्षं झाली. तुमचे निरोप मऊ करून इकडचे तिकडे पोचवताना मी थकलो. प्रेमाला अजून विचारलेलं नाही.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. निरोप मऊ होऊन येत होते हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही नेमकं काय म्हणाला होतात, ते आता समोर बसून सांगा. सकाळी पोचणारी गाडी बघा. स्टेशनवर मी येईन. – प्रेमा